दर तीन-चार आठवड्यांनी टँक ‘आजारी’ पडतो? औषधाआधी कुंडीत डोकावून बघा

तक्रार साधारण अशी असते. चार फुटी टँक, त्यात सिक्लिड, म्हणजे जागेसाठी भांडणाऱ्या आणि अंडी-पिल्लं राखणाऱ्या माशांचं कुळ. तीन आठवडे सगळं सुरळीत. मग एका सकाळी बघावं तर निम्मे मासे वरच्या कोपऱ्यात हीटरमागे दाटीवाटीने उभे, एखाद्याची शेपटी फाटलेली, एक मासा दिवसभर दिसतच नाही, दुसऱ्याचा रंग काळपट पडलाय, खडी उकरून थेट काचेपर्यंत खड्डा, आणि हौसेने लावलेलं रोप पाण्यावर तरंगतंय. आपण घाबरतो. निम्मं पाणी बदलतो, मीठ घालतो, घरात असेल ते औषध ओततो. आठ-दहा दिवसांत सगळं निवळतं. औषध लागू पडलं म्हणून आपण निर्धास्त. आणि तीन आठवड्यांनी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या चक्रात मी तीनदा फिरले. टँकमध्ये कन्व्हिक्टची जोडी, दोन ब्लड पॅरट, एक सेव्हेरम (हे सगळे सिक्लिडच) आणि तळाशी एक प्लेको, म्हणजे तळाला राहणारा कॅटफिश. चौथ्या वेळी पाणी बदलताना सायफनचा पाइप कोपऱ्यात आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीजवळ नेला, तर नर कन्व्हिक्ट सरळ माझ्या बोटावर आला. चावला म्हणजे रक्त वगैरे नाही, बारीक कानस घासल्यासारखं झालं. पण हाच तो मासा, जो ‘दोन दिवस खात नाही, कोपऱ्यात पडून असतो’ म्हणून मी औषध घालायला निघाले होते. आजारी मासा बोटावर धावून येत नाही. पाइप ठेवला, टॉर्च आणला आणि कुंडीत उजेड पाडला. वरच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढी पिवळसर अंडी चिकटलेली, दाट, एकाला एक लागून. त्यांच्याखाली मादी जवळजवळ तिरकी होऊन छातीचे पर हलवत होती, एका लयीत, पंख्यासारखे. टॉर्च बघूनही ती जागची हलली नाही.

कॅलेंडरवर मी पाणी बदलल्याच्या खुणा करते. मागचे तीन ‘आजार’ शोधून काढले आणि हा चौथा त्यांना जोडला. त्यांच्यातलं अंतर चोवीस, सव्वीस आणि तेवीस दिवस. रोग इतका वेळ पाळत नाही.

खरी मेख पुढे आहे. बऱ्याच सिक्लिडना अंडी घालायला उद्युक्त करणारी गोष्ट म्हणजे पावसासारखं ताजं, किंचित गार पाणी. म्हणजे ‘आजार’ झाला म्हणून मी निम्मं पाणी बदलत होते, त्या गडबडीत अंडी-पिल्लं जात होती, आणि रिकाम्या झालेल्या जोडीला पुढच्या विणीचं आमंत्रणही माझंच पाणी देत होतं. उपायच आजार आणत होता. तुमच्याकडेही ही तक्रार ठरावीक दिवसांनी येत असेल, तर औषधाच्या बाटलीला हात लावण्याआधी तारखा लिहून काढा. अर्धं निदान तिथेच होतं.

आधी पाणी, मग मासे

तरीही पहिलं काम टेस्ट किटचं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. यातलं एकही शून्याच्या वर दिसलं तर पुढचं वाचणं थांबवा आणि पाणी बदला; प्रजनन असो-नसो, मासे त्या पाण्यात गुदमरतायत. हे मुद्दाम सांगते, कारण विणीवर चुकून औषध घातलं की अनेकदा खरंच अमोनिया वाढतो. मिथिलीन ब्लू आणि बरीचशी जंतुनाशक औषधं फिल्टरमधल्या उपयोगी जिवाणूंनाही मारतात. मग दोन दिवसांनी मासे पृष्ठभागावर तोंड काढून श्वास घेऊ लागतात आणि आपल्याला वाटतं, बघा, आजारच होता.

पाणी ठीक असेल तर टँकसमोर दहा मिनिटं नुसतं बसा. काही न करता. पाणी बिघडलेलं असलं की त्रास सगळ्यांना होतो: सगळ्यांचे कल्ले भराभर हलतात, सगळे मलूल. प्रजनन सुरू असलं की टँकची फाळणी होते. एक-दोन मासे ऐटीत, अख्ख्या तळाचे मालक, आणि बाकीचे हद्दपार. हद्दपार झालेले मासे कोपऱ्यात दबून असतात खरे, पण त्यांच्या कोपऱ्यातच चार-पाच दाणे टाकून बघा, तुटून पडतात. एखादा दाणा दोन इंच पलीकडे गेला तर मात्र त्याच्याकडे नुसते बघत राहतात. तिथे एक न दिसणारी रेघ आहे आणि ती टँकमधल्या प्रत्येकाला माहीत आहे, तुम्ही सोडून.

ती रेघ कुठे आहे हे राखणदाराकडे बघून कळतं. अंड्यांचा राखणदार धावून जातो, समोरच्याला रेघेपार हाकलतो आणि लगेच वळून परत येतो. टँक लहान पडतोय म्हणून किंवा स्वभावानेच दांडगाई करणारा मासा तसा परतत नाही; तो या टोकापासून त्या टोकापर्यंत पाठ धरतो, दिवसभर, आणि बहुतेक एकाच माशाची. पहिल्याला जागा राखायची असते, दुसऱ्याला समोरचा मासाच नको असतो. उपायही वेगवेगळे.

मध्येच एक अनुभव: कधी कधी नर टँकच्या काचेशीच भांडत असतो. बाहेर अंधार आणि आत दिवा असला की काचेत त्याचं प्रतिबिंब दिसतं. त्या बाजूला बाहेरून कागद लावला की अर्ध्या तासात निवळतं.

पोट, रंग, थरथर

पोट फुगणं हे सगळ्यात जास्त फसवणारं लक्षण. अंड्यांनी भरलेल्या मादीचं पोट मागच्या बाजूला, गुदद्वाराकडे जास्त भरतं, दोन्ही बाजूंनी सारखं, आणि ती व्यवस्थित खात असते. अंडी घातली की एका दिवसात पोट सपाट. जलोदर झालेल्या माशाला वरून बघा: खवले उभे राहिलेले असतात, अंगावर काटा आल्यासारखे. हे दृश्य एकदा पाहिलं की पुन्हा चुकायला होत नाही. खवले चापून बसलेले, विष्ठा गडद रंगाची आणि भूक चांगली, तर घाई करू नका.

रंगाच्या बाबतीत प्रत्येक जातीचा आपला रिवाज असतो आणि तो पाठ असायला हवा. कन्व्हिक्टमध्ये नेहमीच्या समजुतीच्या उलट मादी जास्त रंगीत: आकाराने लहान, पोटावर नारिंगी-सोनेरी छटा, आणि विणीच्या दिवसांत अंगावरचे उभे पट्टे काळेकुट्ट. क्रिबेन्सिसच्या मादीचं पोट चेरीसारखं जांभळट लाल होतं आणि ती शरीर धनुष्यासारखं वाकवून ते नराला दाखवते. त्या वाकण्याला पाठीच्या कण्याचा दोष समजून काळजीत पडलेले लोक मी पाहिलेत. अपिस्टोग्रामाची एरवी फिकट राखाडी दिसणारी मादी अंडी घातली की पिवळीधमक होते. डिस्कसमध्ये मात्र गल्लत हमखास होते. अंगाचा मागचा भाग आणि शेपटी काळवंडली, पुढचा भाग उजळ राहिला आणि जोडी एकमेकांसमोर मान लवल्यासारखी झुकतेय, तर तयारी विणीची. डिस्कस अख्खा काळा पडलाय, कोपऱ्यात तोंड घालून उभा आहे आणि विष्ठा पांढरी, दोरीसारखी येतेय, तर तो खरोखर आजारी.

थरथरणं: प्रणयातली थरथर दुसऱ्या माशासाठी असते. तो समोर किंवा बाजूला आला की पर फुलवून दोन-तीन सेकंद अंगभर शहारा, मग थांबा, मग पुन्हा. जवळ कुणी नसताना, पर मिटलेले ठेवून, एकाच जागी सतत डुलत राहणं हे पाण्याच्या किंवा तापमानाच्या त्रासाचं लक्षण.

अंग घासण्याचंही तसंच. कुठल्याही दगडावर, पाइपवर, खडीवर सटकन अंग घासून जाणारा मासा परजीवींनी बेजार झालेला असतो. अंड्यांसाठी जागा साफ करणारा मासा अंग घासत नाही, तोंडाने खरवडतो, आणि तेही एकाच जागी, तासन्‌तास. सिक्लिडपैकीच एंजलना उभी जागा लागते: रुंद पान, स्लेटची फरशी, फिल्टरचा पाइप, काहीच नसेल तर टँकची काच. रॅम सपाट दगड निवडतात. कन्व्हिक्ट आणि क्रिब यांना छत हवं असतं, म्हणून कुंडी किंवा नारळाची करवंटी.

खड्ड्यांबद्दल थोडक्यात. जिओफॅगससारखे मासे पोटासाठी दिवसभर वाळू चाळतात, तिकडे लक्ष देऊ नका. एकच जागा निवडून, तोंडात खडी भरून लांब नेऊन टाकत, काच दिसेपर्यंत खोदलं जातंय, तर तो पाळणा आहे.

ओठाला ओठ लावून ओढाताण

दोन मासे ओठात ओठ अडकवून एकमेकांना ओढतायत, हे बघून माणूस घाबरतोच. भांडणातही हेच दिसतं आणि जोडी जुळतानाही. खूप दिवस मी वेळ मोजून ओळखायचा प्रयत्न केला: थोडा वेळ म्हणजे प्रेम, जास्त वेळ म्हणजे भांडण. उपयोग झाला नाही. आता मी ओढाताण बघतच नाही, त्यानंतरची पाच मिनिटं बघते. सुटल्यावर दोघं शेजारी शेजारी पोहतात, पर उघडे, एखादा दगड चाटायला लागतात, तर जोडी जुळतेय. दोघंही एकमेकांची ताकद आजमावत होते. एक पळतोय, रंग उडालाय, पर अंगाला चिकटलेत आणि दुसरा मागावर आहे, तर लगेच वेगळं करा. ऑस्करसारख्या मोठ्या माशांच्या बाबतीत तर उद्यावर ढकलू नका; ओठाची जखम लवकर चिघळते.

नळी, म्हणजे पुरावा

वरची सगळी लक्षणं ‘असावं’ या सदरातली. ‘आहेच’ म्हणायला एकच खूण पुरते: गुदद्वाराच्या मागे बाहेर आलेली बारीक नळी. अंडी घालण्याच्या एक-दोन दिवस आधी ती स्पष्ट दिसते. मादीची रुंद आणि टोकाला बोथट, नराची बारीक आणि टोकदार. एंजलमध्ये नर-मादी ओळखायची हीच त्यातल्या त्यात भरवशाची वेळ, एरवी अंदाजपंचे कारभार.

बघायची रीत: दिवा समोरून, आपण टँकच्या तळाच्या पातळीवर, आणि मासा आडवा होईपर्यंत धीर. फोनवर व्हिडिओ काढून तो थांबवत थांबवत बघणं सगळ्यात सोपं. नळी फिकट, नीटस, अंगाच्याच रंगाची असते. लालभडक, सुजलेला मांसल गोळा बाहेर आला असेल तर ते आतडं. आणि गुदद्वारातून लाल दोऱ्यासारखी बारीक टोकं बाहेर डोकावत असतील, मासा थांबला की बाहेर आणि हलला की आत, तर ते कॅमालानस नावाचे जंत. त्यावर जंताचंच औषध लागतं, नुसती वाट पाहून भागत नाही.

तोंड भरलेली मादी

आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचे सिक्लिड पाळणाऱ्यांची तक्रार थोडी निराळी असते: ‘एक मादी पंधरा दिवस खात नाहीये, बारीक झालीय, एकटी राहते.’ इथे कुंडीत डोकावून काहीच मिळणार नाही. अंडी तिच्या तोंडात आहेत.

म्बुनासारख्या माशांत मादी अंडी घालते आणि लगेच वळून तोंडात घेते. नराच्या गुदपरावर अंड्यांसारखे पिवळे-केशरी ठिपके असतात. मादी त्यांना टोचायला जाते आणि त्याच वेळी तिच्या तोंडातली अंडी फलित होतात. हे ठिपके म्हणजे अंड्यांची नक्कल आहे, ही कल्पना वोल्फगांग विक्लर यांनी १९६२ मध्ये मांडली. ठिपक्यांचं नेमकं काम काय यावर नंतर बरीच चर्चा झाली, पण दोन मासे एकमेकांच्या शेपटीशी तोंड नेत गोल गोल फिरताना दिसले तर ते भांडण नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

त्यानंतर साधारण तीन आठवडे ती जवळपास उपाशी असते. आणि नेमका याच काळात लोक तिच्यावर ‘ब्लोट’चा उपचार सुरू करतात, कारण त्या आजारातही मासा खाणं सोडतो आणि एकटा पडतो. फरक शोधायचा तो फुगवट्याच्या जागेत. ब्लोटमध्ये पोट फुगतं. तोंडात पिल्लं असलेल्या मादीचं पोट उलट खपाटीला जातं, आणि फुगवटा असतो हनुवटीखाली. समोरून बघा: खालचा जबडा पिशवीसारखा लोंबलेला, तोंड पूर्ण मिटत नाही. मधूनमधून ती काहीतरी चघळल्यासारखं करते. आत अंडी फिरवत असते, म्हणजे सगळ्यांना ताजं पाणी मिळतं. दिवस भरत आले की काही वेळा ताणलेल्या कातडीतून आतले काळे डोळे दिसतात. पहिल्यांदा ते डोळे दिसले तेव्हा मी काचेला नाक लावून बसले होते आणि ती मला टाळून सारखी पाठ फिरवत होती.

खाण्याच्या वेळीही फरक दिसतो. तोंड भरलेली मादी खाद्य पडलं की बाकीच्यांबरोबर पुढे येते, बघते, कधी एखादा कण तोंडाजवळ नेते आणि सोडून देते. ब्लोट झालेला मासा खाद्याकडे फिरकतही नाही, किंवा घेतलेलं थुंकतो, आणि त्याची विष्ठा पांढरी, तारेसारखी असते.

अशा मादीला जाळ्यात धरून तपासू नका. घाबरली की ती अंडी थुंकते किंवा गिळते. नव्या माद्या पहिल्या एक-दोन खेपांना तशाही आठवड्याभरात सगळं गिळून मोकळ्या होतात; तो आजार नाही, कच्चेपणा आहे. वेगळं करायचंच असेल तर रात्री दिवे मालवल्यावर, संथपणे, आणि शक्यतो डब्यात पाण्यासकट. जबड्यात वागवणं हे नेहमी आईचंच काम असतं असंही नाही. काही तिलापियांमध्ये ते बाप करतो. तेव्हा ‘हा तर नर आहे’ एवढ्यावरून ही शक्यता सोडू नका.

अंडी पांढरी का पडतात आणि जातात कुठे

फलित अंडं पारदर्शक किंवा मधासारखं पिवळट राहतं, दुसऱ्या दिवसापासून त्यात काळे ठिपके दिसू लागतात. फलित न झालेलं दीड दिवसाच्या आत दुधाळ पांढरं पडतं आणि मग त्यावर कापसासारखी बुरशी धरते. दहा-वीस अंडी पांढरी पडणं रोजचंच, आई ती खाऊन साफ करते. सगळीच्या सगळी पांढरी झाली तर कारण वेगळं. बुरशीनाशक ओतत बसू नका. बुरशी मेलेल्या अंड्यांवर येते, ती मृत्यूचं कारण असतेच असं नाही.

पहिली शंका घ्यायची ती जोडीचीच. एंजलमध्ये दोन माद्या मिळून संसार थाटतात, जागा साफ करतात, राखण करतात आणि दोघीही अंडी घालतात. अंडी नेहमीपेक्षा दुप्पट आणि झाडून सगळी पांढरी असतील तर दोघींच्या नळ्या बघा. दुसरी शंका संकराची. ब्लड पॅरट आणि फ्लॉवरहॉर्न हे माणसाने घडवलेले संकर. ब्लड पॅरटचे नर बहुतेक वांझ असतात, फ्लॉवरहॉर्नचेही पुष्कळसे. मादी मात्र इमानेइतबारे अंडी घालत राहते, राखत राहते, दुसऱ्या दिवशी सगळी पांढरी. माझ्या ब्लड पॅरटची मादी हेच करायची आणि तिथेही मी पाण्याचा दोष शोधत होते.

अंडी रात्रीतून नाहीशी होत असतील तर चोर दोन प्रकारचे. नवखी जोडी स्वतःच खाते, विशेषतः समोर सारखी वर्दळ असेल तर; तीन-चार खेपांनंतर बरेच शिकतात. दुसरा चोर तळाचा. दिवसा सिक्लिड कुणाला फिरकू देत नाहीत, पण अंधारात त्यांना दिसत नाही आणि प्लेको किंवा इतर कॅटफिशना दिसण्याची गरज नसते. खोलीत रात्री मंद दिवा राहू दिला तर राखण करता येते. माझ्या प्लेकोच्या फाटलेल्या शेपटीचा उलगडा हाच. मी त्याला बिचारा समजत होते, पठ्ठ्या दरोडा घालून येत होता.

अंडी न दिसताही पिल्लं असू शकतात. सव्वीस-सत्तावीस अंश तापमानाला कन्व्हिक्टची अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात, वळवळणारी पिल्लं आईबाप तोंडाने उचलून खड्ड्यात ठेवतात आणि आणखी चार-पाच दिवसांनी ती पोहू लागतात. म्हणजे कुंडी रिकामी बघून ‘खाल्ली वाटतं’ म्हणण्याआधी खड्डे बघा. आई तळाशी उभी राहून पोटाखालचे पर पटापट उघडमीट करत असेल, तर ती पिल्लांना बोलावतेय. तुम्हाला ती दिसत नसतील, तिला दिसतायत. कधी ती खडीत शिरून अंग घुसळते आणि उडालेल्या धुरळ्यातलं खाणं पिल्लं टिपतात. दिवा मालवायची वेळ झाली की दोघं पिल्लांना तोंडात भरून खड्ड्यात आणून सोडतात. एखादं चुकार पुन्हा वर येतं, पुन्हा उचललं जातं. ती अर्ध्या तासाची धावपळ बघायची असेल तर औषधाची बाटली जरा लांब ठेवावी लागते.

चक्र थांबवायचं असेल तर

पहिलं: अंडी काढून टाकू नका. हे उलटं वाटेल. पण विण गेली की जोडी लवकर पुन्हा तयार होते. एंजल तर पंधरवड्याच्या आत. आईबापांना राखण करू दिली तर तितके आठवडे पुढची विण लांबते. राखण करताना दांडगाई चालूच राहते हे खरं, म्हणून बाकीच्यांची सोय आधी करावी लागते.

दुसरं: पाणी थोडं थोडं बदला. आठवड्याला दहा-पंधरा टक्के, टँकच्याच तापमानाचं. एकदम निम्मं आणि गार पाणी ही त्यांच्यासाठी पावसाची वर्दी. विण चालू असताना सायफन त्यांच्या कोपऱ्यापासून लांब ठेवा. दोन अंशांनी तापमान उतरवलं तरी कन्व्हिक्टसारख्यांचा वेग थोडा मंदावतो. रॅम आणि डिस्कसवर हा प्रयोग करू नका, त्यांना ऊबच लागते.

कुंडी, करवंटी, सपाट दगड काढून टाकणं हा लोकांचा आवडता सल्ला. मला तो अर्धवट वाटतो. कुंडी काढली तर कन्व्हिक्ट फिल्टरखाली खोदतात, आणि ज्यांच्यावर हल्ला होतो त्यांचाही आडोसा जातो. त्यापेक्षा कुंडी एका टोकाला सरकवा आणि टँकच्या मध्यावर दगड-लाकडाची अशी रास करा की एका टोकाहून दुसरं टोक दिसणार नाही. दिसलं नाही की रेघ आपोआप आखूड होते. अशी रास मावणार नाही इतका टँक लहान असेल तर मधे जाळीचा पडदा घाला. बाकीचे मासे चार इंचांच्या पट्टीत उभे असतील तर कुठल्याच रचनेने भागणार नाही, जोडीला वेगळं घर द्या.

मार खाणारी मादी हा प्रश्न यात सगळ्यात तातडीचा. नर तयार आणि ती नाही, किंवा अंडी गेल्यावर तो चिडलेला, अशा वेळी दोन दिवसांत तो तिला मारूही शकतो. फक्त तीच मावेल एवढ्या तोंडाचा पाइपचा तुकडा टँकमध्ये कायम असावा. ती त्यातून खायलाही बाहेर येत नसेल, खवले गळालेले दिसत असतील, तर पडदा घाला. पडदा छिद्रांचा असू द्या. एकमेकांना बघत राहिले तर पुन्हा जुळायची शक्यता राहते. आणि काढायचं झालं तर मारणाऱ्याला काढा. तिला काढून परत आणलंत तर ती त्याच्या लेखी परकी.

पिल्लं वाढवायची असतील तर स्पंज फिल्टर हवा, साधा फिल्टर त्यांना ओढून घेतो. पोहू लागली की ताजी फुटलेली आर्टेमिया (कोळंबीसारखे सूक्ष्म जलजीव), कन्व्हिक्टच्या पिल्लांना चुरलेलं फ्लेकही चालतं. मात्र एका विणीत शे-दीडशे पिल्लं सहज निघतात आणि तीन महिन्यांत त्यातली निम्मी आपसांत भांडायला लागतात. ती द्यायची कुणाला, हे अंडी दिसण्याआधी ठरवलेलं बरं. मी ठरवलं नव्हतं.

माझी कन्व्हिक्टची जोडी आता अडीच फुटी टँकमध्ये एकटीच आहे, तीच कुंडी घेऊन. चार फुटीत सेव्हेरम पुन्हा मधोमध पोहतो आणि प्लेकोची शेपटी भरून आलीय. कॅलेंडरवर आज बाविसावा दिवस. मादीचे पट्टे सकाळपासून गडद दिसतायत, नर कुंडीचं तोंड उकरतोय. या रविवारी पाणी बदलायचं होतं. फक्त दोन मग बदललं, बादली कोरडीच आहे.